दगडांचे वय, दंतकथांचे वय

प्राचीन अवशेषांविषयी आपल्या समाजाची एक चमत्कारिक रीत आहे. जे उंच आहे, डोळ्यांत भरणारे आहे आणि दगडात आहे, त्याचे वय आपण सढळ हाताने वाढवीत नेतो. जे मातीखाली आहे, लहान आहे आणि ओबडधोबड आहे, त्याचे वय विचारण्याची तसदीही घेत नाही. मराठी मुलखात या रीतीचे सर्वांत ठळक उदाहरण पाहावयाचे असेल तर २०२४ मध्ये अहिल्यानगर असे नामांतर झालेल्या अहमदनगर जिल्ह्याकडे पाहावे. या जिल्ह्यात दंतकथांनी वेढलेले दगड पुष्कळ आहेत आणि खरोखर प्रागैतिहासिक म्हणावे असे पुरावेही विपुल आहेत. दुर्दैव इतकेच, की दंतकथा एका जागी आहेत आणि पुरावे दुसऱ्या जागी. लोकांची पावले दंतकथांकडे वळतात, आणि फावडी व ट्रॅक्टर पुराव्यांकडे.

हा प्रश्न केवळ पुराणवस्तूंच्या हौशी अभ्यासकांचा नाही. आपण काय जपावे, त्यावर सार्वजनिक पैसा किती खर्च करावा आणि शाळेत मुलांना गावाचा इतिहास म्हणून काय सांगावे, हे सारे या एका गोष्टीवर अवलंबून आहे. म्हणून तथ्य कोणते आणि कथा कोणती, याची शांतपणे निवड करणे अगत्याचे ठरते.

दिसते ते जुने

अकोले तालुक्यातील हरिश्चंद्रगडावर केदारेश्वराची गुहा आहे. थंडगार पाण्यात उभे असलेले भव्य शिवलिंग आणि त्याच्या चार कोपऱ्यांवर चार खांब, अशी तिची मूळ रचना. यांपैकी तीन खांब मोडले आहेत, एक शाबूत आहे. हे चार खांब म्हणजे चार युगे. तीन संपली, चौथा खांब कोसळेल त्या दिवशी कलियुग संपून जगाचा अंत होईल, अशी कथा गडावर जाणाऱ्या प्रत्येकाच्या कानी पडते. कथा सुंदर आहे, यात शंका नाही. परंतु ही गुहा मध्ययुगात डोंगराच्या अखंड खडकातून कोरून काढलेली आहे. कोरीव लेण्यातील खांब हा बांधलेल्या घरातील खांबासारखा छताचा भार पेलण्यासाठी घातलेला नसतो. कारागीर वरून आणि समोरून खडक काढीत जातो आणि खांबाच्या आकाराचा भाग तेवढा शिल्लक ठेवतो. छत हा डोंगराचाच भाग असल्यामुळे खांब मोडला तरी ते बहुधा जागचे हलत नाही. केदारेश्वराचे छत तीन खांब गमावूनही टिकले, याचे कारण युगगणनेत नसून लेणी कोरण्याच्या पद्धतीत आहे.

याच तालुक्यात रतनवाडीचे अमृतेश्वर मंदिर आहे. अशा प्रत्येक जुन्या मंदिराविषयी ते पांडवांनी एका रात्रीत बांधले, अशी कथा महाराष्ट्रात कोठे ना कोठे ऐकू येते. नाशिकच्या लेण्यांना तर ‘पांडवलेणी’ हेच नाव पडले, आणि त्याच लेण्यांच्या भिंतींवर सातवाहन व क्षत्रप राजांच्या दानांचे लेख ढळढळीत कोरलेले आहेत. पांडवांच्या नावाला जो शिकलेला मनुष्य हसतो, तो बहुधा ‘हेमाडपंती’ हा शब्द मात्र निःशंकपणे वापरतो. हेमाद्री हा तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांचा मंत्री होता. अंबरनाथचे शिवालय १०६० सालचे आहे, म्हणजे हेमाद्रीच्या आधी सुमारे दोनशे वर्षांचे. तरी तेही हेमाडपंतीच म्हटले जाते. अशिक्षितांची दंतकथा ओळखणे सोपे असते. सुशिक्षितांची दंतकथा पाठ्यपुस्तकाच्या भाषेत बोलत असल्यामुळे ती ओळखू येत नाही.

तिसरे उदाहरण पारनेर तालुक्यातील निघोजचे. कुकडी नदीच्या पात्रात काळ्या कातळाला पडलेले प्रचंड रांजणखळगे पाहून मन थक्क होते. काठी मळगंगेचे देवस्थान असल्याने या खळग्यांना पावित्र्याचेही वलय आहे. इतके गोल, इतके गुळगुळीत खळगे आपोआप कसे होतील, ते कोणी तरी घडविलेच असले पाहिजेत, असे पाहणाऱ्यास वाटणे स्वाभाविक आहे. त्यांचा कर्ता मात्र नदीच आहे. पुराच्या भोवऱ्यात सापडलेले गोटे कातळाच्या एखाद्या खाचेत गरगर फिरत राहतात, जात्यासारखे खडक घासतात, स्वतः झिजून जातात आणि त्यांची जागा नवे गोटे घेतात. हजारो पावसाळ्यांच्या या दळणातून खाचेचा रांजण होतो. येथे मनुष्याचा हात नाही. म्हणून हे निसर्गाचे स्मारक आहे, मानवाचे नव्हे. ‘आशियात सर्वांत मोठे’ या बिरुदाची त्याला गरजही नाही.

दगडाचे वय आणि हाताचे वय

या सर्व कथांच्या मुळाशी एक साधा घोटाळा आहे. दगडाचे वय आणि त्या दगडावर पडलेल्या मानवी हाताचे वय या दोन भिन्न गोष्टी आहेत. अहिल्यानगर जिल्ह्यातील जवळजवळ प्रत्येक काळा दगड ज्वालामुखीच्या लाव्हारसातून बनलेला असून त्याचे वय साडेसहा कोटी वर्षांच्या आसपास आहे. या हिशेबाने शिळामंदिराची पायरी, शेताचा बांध आणि घरातला पाटा ही सारीच सारख्या वयाची ठरतील. इतिहासाला हवे असते ते वय निराळे: तो दगड कोणी, केव्हा आणि कशासाठी घडविला किंवा हलविला?

हे वय दगड स्वतः सांगत नाही. कार्बन-१४ ही कालमापनाची सुप्रसिद्ध पद्धत विलर्ड लिबी यांनी १९४९ च्या सुमारास विकसित केली आणि १९६० मध्ये त्यांना तिच्याबद्दल नोबेल पारितोषिक मिळाले. ती एके काळी सजीव असलेल्या पदार्थालाच लागू पडते. लाकूड, कोळसा, धान्य, हाड यांतील किरणोत्सर्गी कार्बन ५,७३० वर्षांत निम्मा होतो. त्यावरून त्या सजीवाचा मृत्यू केव्हा झाला हे कळते. दगडाचा काळ ठरवावयाचा तर त्याच्याच थरात सापडलेला कोळशाचा तुकडा किंवा जळलेले धान्य पाहावे लागते. म्हणजे पुरावा वस्तूत जितका असतो तितकाच तिच्या जागेत असतो. एखादी वस्तू थरातून उपटून काढली की वस्तू हाती राहते आणि तिचा इतिहास हातचा जातो. पुरातत्त्वज्ञ ब्रशाने माती झाडीत बसतात याची चेष्टा होते. परंतु ती सावकाशी ही त्यांची हौस नव्हे, तो पुराव्याचा कायदा आहे.

प्रवरेकाठचा पुरावा

हा कायदा ज्या भूमीवर महाराष्ट्रात प्रथम पद्धतशीरपणे वापरला गेला तिच्यात प्रवरेच्या खोऱ्याचे स्थान वरचे आहे. संगमनेर तालुक्यातील जोर्वे येथे हसमुख सांकलिया आणि शां. भा. देव यांनी १९५०-५१ मध्ये उत्खनन केले. तेथे मिळालेल्या, तांबड्या पृष्ठावर काळ्या रेषांनी नक्षी काढलेल्या मृद्भांड्यांनी एका संपूर्ण संस्कृतीला नाव दिले. इसवी सनापूर्वी सुमारे १४०० पासून पुढे महाराष्ट्राच्या मोठ्या भागात नांदलेल्या या ताम्रपाषाणयुगीन शेतकरी संस्कृतीला आज जगभरचे अभ्यासक ‘जोर्वे संस्कृती’ म्हणून ओळखतात. जोर्व्याच्या किती विद्यार्थ्यांना हे ठाऊक असेल?

पुढे १९५४ ते ५६ आणि १९५९ ते ६१ या काळात डेक्कन कॉलेजने नेवासे येथे उत्खनन केले. नेवासे म्हटले की मराठी मनुष्याला पैसाचा खांब आणि शके १२१२ मधील ज्ञानेश्वरी आठवते, आणि ते योग्यच आहे. परंतु त्याच प्रवरेच्या काठी मराठा काळ, सातवाहन काळ, रोमशी चाललेल्या व्यापाराचा काळ, त्याखाली ताम्रपाषाणयुग आणि नदीच्या जुन्या वाळू-गोट्यांच्या थरांत अश्मयुग, अशी मानवी वस्तीची उतरंड सापडली. भारतीय मध्याश्मयुगाच्या आधीच्या एका टप्प्यातील छिलक्यांच्या हत्यारांना काही काळ ‘नेवासीय’ असेच नाव रूढ होते. नेवाशाजवळच्या चिरकी येथे १९६६ ते ६९ या वर्षांत गुद्रुन कॉर्व्हिनस या जर्मन विदुषीने केलेल्या उत्खननात दगडी हातकुऱ्हाडी आणि फरश्या मोठ्या संख्येने मिळाल्या. त्या काही लाख वर्षांपूर्वीच्या आहेत. जिल्ह्यातील कोणत्याही मंदिराचे वय त्यांच्यापुढे क्षणभराचे ठरते.

ही हातकुऱ्हाड दिसते कशी? तळहातात मावेल असा काळा दगड, दोन्ही बाजूंनी टवके उडवून एका टोकाला निमुळता केलेला. वाटेत पडला असता तर कोणी वाकूनही पाहिले नसते. त्याला शिखर नाही, नंदी नाही, कथा नाही. परंतु त्याच्या दोन्ही अंगांची समरूपता सांगते, की तो घडविणाऱ्याच्या मनात आकार आधी होता आणि दगडावर तो नंतर उतरला. ‘योजना’ हा शब्द ज्याला लावता येईल असे या भूमीवरील सर्वांत जुने कृत्य हेच होय.

पांढरीची साक्ष

मराठी खेड्याच्या परिभाषेत शेतजमीन ती ‘काळी’ आणि वस्तीची जागा ती ‘पांढरी’. शेकडो वर्षे मनुष्य, गुरे, चुली आणि मातीची घरे यांच्या राखरांगोळीने जमिनीचा रंग पालटतो, या निरीक्षणातून हा शब्द आला. पुरातत्त्वज्ञ ज्या पांढरट टेकाडाच्या शोधात हिंडतात, त्याला शब्द खेड्याने आधीच देऊन ठेवला होता. मात्र हीच माती धाब्याच्या घरांच्या छतावर पसरण्यास उत्तम आणि शेतात टाकण्यास कसदार, म्हणून पिढ्यान्‌पिढ्या टेकाडे खणली गेली. पूर्वी ती पाटीने उपसली जात. आता यंत्राने एका दुपारी सपाट होतात.

श्रीरामपूर तालुक्यातील दायमाबाद हे अशाच एका टेकाडाचे नाव. प्रवरेच्या काठावरील हे स्थळ १९५८ मध्ये बो. प. बोपर्डीकर यांच्या नजरेस आले. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण खात्याने तेथे म. न. देशपांडे, शि. रं. राव आणि शेवटी १९७५ ते ७९ या काळात शां. अ. साळी यांच्या नेतृत्वाखाली उत्खनने केली. एकावर एक अशा पाच संस्कृतींचे थर तेथे मिळाले: सावळदा, उत्तर हडप्पा, दायमाबाद, माळवा आणि जोर्वे. इसवी सनापूर्वी सुमारे २२०० पासून १००० पर्यंत, म्हणजे बारा शतके, या टेकाडावर चुली पेटत होत्या. उत्तर हडप्पा थरात सिंधू लिपीची चिन्हे असलेल्या मातीच्या मुद्रा आणि खापरे मिळाली. सिंधू संस्कृतीचे धागे गोदावरीच्या खोऱ्यापर्यंत पोहोचले होते याचा हा पुरावा. त्यावरून ‘दायमाबाद हे हडप्पाच्या तोडीचे महानगर होते’ असे म्हणणे मात्र अतिशयोक्तीचे होईल. धागा पोहोचणे वेगळे आणि नगर वसणे वेगळे.

या लोकांनी दगडी वास्तू उभारल्या नाहीत. त्यांची घरे कुडाची व मातीची. ते आपल्या मृतांना घराच्या जमिनीखालीच पुरीत. लहान मुलांचे दफन तोंडाला तोंड लावून ठेवलेल्या दोन रांजणांत होई. प्रौढांचे पाय पुष्कळदा घोट्यापाशी तोडलेले आढळतात. मृताने परत फिरू नये, किंवा घर सोडून जाऊ नये, म्हणून पाय तोडीत असावेत, असा तर्क करण्यात येतो. येथे एक भेद विद्यार्थ्यांच्या मनावर बिंबविला पाहिजे: पाय तोडलेले आहेत, हे तथ्य, का तोडले, हा तर्क. तर्क करू नये असे नाही; तो तथ्याच्या पाटावर बसवू नये, इतकेच. नेवाशाच्या एका बालकाच्या गळ्यात तांब्याच्या मण्यांची माळ होती आणि तिच्या दोऱ्याचे अवशेष टिकून राहिले होते. तीन हजार वर्षांपूर्वीच्या आईबापांच्या शोकाविषयी याहून अधिक सांगणारे शिळास्मारक उभ्या जिल्ह्यात नाही.

विदर्भातील वर्तुळे आणि इंग्लंडातील वर्तुळ

मृतांसाठी मोठमोठे दगड उभारणारे लोकही महाराष्ट्रात होऊन गेले. परंतु ते नंतरच्या लोहयुगातले आणि मुख्यतः विदर्भातले. नागपूरजवळील जुनापाणी येथे सुमारे तीनशे शिलावर्तुळे आहेत. रिव्हेट-कार्नाक या इंग्रज अधिकाऱ्याने १८७९ मध्ये त्यांचे वर्णन प्रसिद्ध केले आणि १९६१-६२ मध्ये बा. कृ. थापर यांनी तेथे शास्त्रशुद्ध उत्खनन केले. माहूरझरी, नायकुंड, टाकळघाट-खापा येथेही अशी वर्तुळे आहेत. त्यांत लोखंडी हत्यारे, मृद्भांडी आणि घोड्याचे अवशेष मिळतात. नायकुंडला तर लोखंड गाळण्याची भट्टीच सापडली. ही वर्तुळे दफनाची स्मारके आहेत, हे यावरून ठरले. काही दगडांवर वाटीसारखे लहान खळगे ओळीने कोरलेले आहेत. त्यांचा दिशांशी व आकाशनिरीक्षणाशी संबंध असावा, असा विचार अलीकडच्या काळात काही वैज्ञानिकांनी मांडला आहे. तो तपासण्याजोगा आहे. पण ‘विदर्भातील प्राचीन वेधशाळा’ असा मथळा त्यावरून देणे, हे गवळी राजांच्या जुन्या कथेच्या जागी नवी कथा बसविण्यासारखे आहे.

हा मोह आपल्याच लोकांना होतो असे समजू नये. इंग्लंडातील स्टोनहेंज हे जगातील सर्वांत प्रसिद्ध प्रागैतिहासिक शिळास्मारक. बाराव्या शतकात एका लेखकाने ते मर्लिन नावाच्या जादूगाराने आयर्लंडमधून आणले, असे लिहून ठेवले. सतराव्या-अठराव्या शतकांत विद्वानांनी त्याचे श्रेय ड्रुइड पुरोहितांना दिले. वास्तविक त्यातील महाशिळा इसवी सनापूर्वी २५०० च्या सुमारास उभ्या राहिल्या. ड्रुइडांचा उल्लेख त्यानंतर दोन हजार वर्षांनी मिळतो. दगड दुरून आले, हे मात्र खरे निघाले. लहान निळसर शिळा सुमारे २२५ किलोमीटरवरील वेल्समधून आल्या, आणि मधली वेदीशिळा तर थेट स्कॉटलंडच्या ईशान्य भागातून आली असावी, असे २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून दिसून आले. सत्य शोधल्याने स्मारकाचे महत्त्व घटले नाही, वाढले. जादूगाराने दगड उचलले यात नवल काय? साध्या माणसांनी दोरखंड आणि एकजूट यांच्या बळावर ते शेकडो किलोमीटर ओढत आणले, हे खरे नवल. दायमाबादच्या टेकाडावर पहिली चूल पेटली तेव्हा स्टोनहेंजच्या त्या शिळा उभ्या राहून फार काळ लोटला नव्हता, ही गोष्ट श्रीरामपूरच्या वर्गात सांगितली तर मुलांचे डोळे चमकल्यावाचून राहणार नाहीत.

साठ किलो तांबे

दायमाबादला जगाच्या नकाशावर आणले ते मात्र उत्खननाने नव्हे, योगायोगाने. १९७४ मध्ये तेथील एका भिल्ल शेतकऱ्याला झाडाचा बुंधा खणताना चार धातुशिल्पे मिळाली: दोन बैलांच्या रथावर उभा पुरुष, हत्ती, गेंडा आणि रेडा. त्यांचे एकूण वजन साठ किलोंहून अधिक. रथाची लांबी सुमारे ४५ सेंटिमीटर. ताम्रपाषाणयुगातील एवढी वजनदार आणि इतकी सफाईदार शिल्पे क्वचितच कोठे मिळाली असतील. ती उत्तर हडप्पाकालीन आहेत, असे राव आणि म. के. ढवळीकर यांचे मत. दि. प्र. अगरवाल यांनी मात्र धातूतील आर्सेनिकच्या प्रमाणाकडे बोट दाखवून या काळाविषयी शंका घेतली. वादाचे मूळ उघड आहे. शिल्पे शास्त्रीय उत्खननाच्या थरातून आली नाहीत. जागेचा पुरावा वस्तूबरोबर आला नाही. याचा दोष त्या शेतकऱ्याकडे जात नाही. उलट त्याच्या हातून साठ किलो धातू मोडीत गेला नाही, हे देशाचे भाग्य.

हे भाग्य नेहमी लाभेल काय, हा अर्थशास्त्राचा प्रश्न आहे. त्या वेळी लागू असलेल्या १८७८ च्या भूमिगत धन कायद्याप्रमाणे दहा रुपयांहून अधिक किमतीची पुरलेली वस्तू मिळाल्यास ती जिल्हाधिकाऱ्यास कळविणे बंधनकारक होते. वस्तूचा मालक न निघाल्यास शोधणाऱ्यास तीन चतुर्थांश व जमीनमालकास एक चतुर्थांश वाटा मिळावयाचा; आणि शासनाने वस्तू घेतल्यास तिच्या द्रव्याची किंमत व त्यावर एक पंचमांश अधिक एवढे द्यावयाचे. म्हणजे चार हजार वर्षांच्या रथाचा भाव कायद्याच्या लेखी तांब्याच्या भावाच्या सव्वापटीलाही पोहोचत नव्हता. ज्या व्यवहारात प्रामाणिकपणाचे मोल मोडीच्या भावाने ठरते, तेथे वस्तू सोनाराच्या मुशीत किंवा चोरबाजारात जाण्याचा धोका कायमचाच. इंग्लंडने १९९६ च्या कायद्याने शोधणाऱ्यास बाजारमूल्याइतके बक्षीस देण्याची तरतूद ठेवली, आणि पाठोपाठ किरकोळ सापडलेल्या वस्तूंची नोंद करण्याची देशव्यापी योजनाही सुरू केली. त्यामागचा विचार भाबडा नसून व्यवहारी आहे. मनुष्य कायद्याला भितो तितकाच हिताकडे पाहतो. दोहोंचे तोंड एकाच दिशेला असेल तर पहारेकरी कमी लागतात.

स्टोनहेंजची कथा याच दृष्टीने बोधप्रद आहे. ते एके काळी खासगी मालकीचे होते. १९१५ मध्ये त्याचा लिलाव झाला आणि सेसिल चब नावाच्या गृहस्थाने ते ६,६०० पौंडांना विकत घेतले. तीन वर्षांनी त्याने ते राष्ट्राला दान केले. आपल्याकडचे टेकाड लिलावात निघत नाही, ट्रॉलीने विकले जाते. ज्याचा लाभ सर्वांना होतो पण ज्याच्या राखणीचा खर्च एकट्याच्या माथी पडतो, अशी वस्तू बाजाराच्या भरवशावर टिकत नाही. ज्या शेतकऱ्याच्या जमिनीत टेकाड आहे, त्याने देशाच्या इतिहासासाठी स्वतःचे पीक सोडावे, अशी अपेक्षा करावयाची तर त्याची भरपाईही देशाने केली पाहिजे.

दुष्काळी मुलखाचा धडा

यावर एक आक्षेप हमखास येतो. पाणी, रस्ते, शाळा यांची वानवा असलेल्या अवर्षणग्रस्त जिल्ह्याने खापरांवर पैसा कशासाठी खर्चावा? आक्षेप रास्त आहे. पण त्याचे उत्तर त्या खापरांतच आहे. इसवी सनापूर्वी १००० च्या सुमारास दायमाबादसह जोर्वे संस्कृतीच्या पुष्कळ वस्त्या ओस पडल्या. जिल्ह्याच्या सीमेपलीकडे, घोड नदीवरील इनामगाव तेवढे पुढे तीनशे वर्षे तग धरून राहिले. डेक्कन कॉलेजने तेथे १९६८ ते १९८३ पर्यंत उत्खनन केले. पूर्वीच्या ऐसपैस चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या आल्या, मृद्भांड्यांची प्रत घसरली, शेतीपेक्षा पशुपालन आणि शिकार यांवर भिस्त वाढली. पर्जन्यमान घटल्याने ही अवनती झाली, असे ढवळीकरांनी मांडले. इतर अभ्यासकांनी त्यावर प्रश्नही उपस्थित केले आहेत. वाद काहीही असो, याच इनामगावात पाण्यासाठी खोदलेला पाट आणि त्याचा बांधही सापडला, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. १९७२ चा दुष्काळ ज्यांनी पाहिला, रोजगार हमीच्या कामावर ज्यांनी खडी फोडली, त्या मुलखातील लोकांना आपल्याच नदीखोऱ्यातील तीन हजार वर्षांपूर्वीचा हा हिशेब परका कसा वाटेल?

दुसरा आक्षेप श्रद्धेचा. दंतकथा खोट्या ठरवून लोकांच्या भावना का दुखवाव्यात? परंतु येथे दंतकथा पुसून टाकण्याचा प्रश्नच नाही. चार खांबांची कथा ही युगांतर घडवील असे काही सांगत नाही. ती ज्यांनी रचली त्यांच्या काळभयाविषयी मात्र पुष्कळ सांगते. कथा ही कथा म्हणून टिपून ठेवावी, ती मराठी मनाच्या इतिहासाचे साधन आहे. ती कालगणनेच्या जागी बसली की मात्र दोन्हींची हानी होते: तथ्य झाकले जाते आणि कथा हास्यास्पद होते.

अल्प खर्चाची कामे

करावयाच्या गोष्टी फार खर्चाच्या नाहीत. ज्ञात टेकाडांची नोंद सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ या रकान्यात झाली, तर माती उचलण्याचा किंवा बिगरशेतीचा अर्ज पुढे येताच कचेरीतील कारकुनाच्याच ती प्रथम लक्षात येईल. १९५८ च्या प्राचीन स्मारकांच्या कायद्यात २०१० मध्ये झालेल्या दुरुस्तीने संरक्षित स्मारकाभोवती शंभर मीटरपर्यंत बांधकामास बंदी आहे आणि त्यापुढील दोनशे मीटर नियंत्रित आहेत. पण जे स्थळ यादीतच नाही त्याला हा कायदा काय वाचविणार? म्हणून यादी आधी, कायदा मागाहून. दायमाबादच्या शिल्पांच्या प्रतिकृती मुंबई-दिल्लीला न जाऊ शकणाऱ्या मुलांना जिल्ह्यातच पाहावयास मिळाल्या पाहिजेत. आणि प्राथमिक शिक्षकांना खापर व हातकुऱ्हाड ओळखण्याचे दोन दिवसांचे शिक्षण दिले, तर प्रत्येक गावात एक नोंदकर्ता तयार होईल. शिक्षकाने विद्यार्थ्यांना एकच सवय लावावी: जुनी वस्तू दिसली तर उचलू नका, ती कोठे, किती खोल, कशाशेजारी होती हे लिहा आणि कळवा.

हरिश्चंद्रगडाचा चौथा खांब उद्या पडला तरी जग बुडणार नाही. प्रवरेकाठचे एखादे टेकाड मात्र उद्या शेतात पसरले गेले, तर त्यात साठलेले एक जग कायमचे जाईल, आणि ते गेल्याची कथा सांगण्याइतकीही माहिती कोणाजवळ उरणार नाही.